ऑक्टोबरअखेर आईवडिलांसह अल्माटीला जाताना सामानात काय घ्यावे?

आपण विचारले आहे की, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आपण पतिपत्नी आणि सत्तरीचे आईवडील असे चौघे जण आठ दिवसांसाठी पुण्याहून कझाकस्तानातील अल्माटीला निघाला आहात, वडील शाकाहारी असून इन्सुलिन घेतात, आणि माणशी एकच मोठी बॅग असल्यामुळे काय न्यावे व काय वगळावे हे कळत नाही. मी याच सुमारास माझ्या आईवडिलांना घेऊन तेथे गेले होते आणि माझ्या वडिलांनाही इन्सुलिन लागते, त्यामुळे आपली काळजी मला चांगली समजते.

पहिली गोष्ट अशी की, सामान भरताना केवळ शहराचे तापमान पाहू नका. अल्माटी हे डोंगराच्या उतारावर वसलेले शहर आहे. त्याचा उत्तरेकडचा सखल भाग समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर आहे, दक्षिणेकडे ते चढत जाते आणि पुढे डोंगरात मेदेऊचे प्रसिद्ध स्केटिंगचे बर्फमैदान 1691 मीटरवर येते. तेथून रोपवेने शिम्बुलाक या स्कीइंगच्या ठिकाणी, म्हणजे सुमारे 2260 मीटरवर, आणि पुढच्या दोन टप्प्यांनी तालगर खिंडीत, म्हणजे जवळजवळ 3200 मीटरवर पोचता येते. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते असे धरले, तर ज्या दुपारी शहरातल्या बागेत 12 अंशांत स्वेटरवर निवांत बसता येते, त्याच दुपारी खिंडीत शून्याखालची हवा आणि बोचरा वारा असतो. शिवाय ऑक्टोबरच्या मध्यापासून तेथील इमारती मध्यवर्ती यंत्रणेने तापवल्या जातात, त्यामुळे हॉटेलात, दुकानांत आणि संग्रहालयांत चक्क उकडते. एकाच दिवशी हे तिन्ही अनुभवायचे असल्याने एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा, घालता-काढता येतील असे तीन-चार पातळ थर घेणे शहाणपणाचे ठरते.

प्रत्येकासाठी अंगालगतच्या थर्मलचे दोन जोड, त्यावर घालायला लोकरीचा किंवा फ्लीसचा एक स्वेटर, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे टोपीचे जाकीट एवढे पुरते. सुती बनियन मात्र सर्वांत आतल्या थरासाठी वापरू नका, कारण चालताना आलेला घाम सुतात तसाच राहतो आणि थांबल्यावर तोच अंगावर गार पडतो. कानटोपी, मफलर, हातमोजे आणि लोकरी मोजे यांत कंजुषी करू नका. वृद्ध माणसांना थंडी आधी कानांना, बोटांना आणि पावलांना जाणवते. आपल्या आई साडीच नेसत असतील, तर साडीखाली थर्मल पायजमा आणि पायांत मोजे-बूट घातल्यास शहरात अडचण येत नाही, परंतु डोंगरावर जाण्याच्या दिवसासाठी सलवार-कमीज बरोबर ठेवावी. माझ्या आईने सुरुवातीला नकार दिला होता, पण रोपवेच्या पाळण्यात चढताना आणि निसरड्या पायऱ्या उतरताना तिलाच ते सोयीचे वाटले. एक मोठी शाल अवश्य घ्या, कारण गाडीत ती पांघरता येते आणि मशिदीत किंवा पानफिलोव बागेतल्या लाकडी कॅथेड्रलमध्ये जाताना डोक्यावरूनही घेता येते. हे कॅथेड्रल 1907 साली बांधून पूर्ण झाले आणि 1911च्या भीषण भूकंपातही उभे राहिले. ते पाहिल्यावाचून परत येऊ नका.

बूट घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या रबरी तळव्याचे आणि घरी निदान दोन आठवडे वापरून मऊ केलेले असावेत. ऑक्टोबरअखेर पहिला बर्फ पडू शकतो, आणि दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठले की फरशीचे पदपथ काचेसारखे गुळगुळीत होतात. अल्माटीच्या रस्त्यांच्या कडेने डोंगरातले पाणी वाहून नेणारे उघडे पाट आहेत, त्यांना तेथे अरीक म्हणतात. संध्याकाळच्या अंधुक उजेडात ते ओलांडताना वडीलधाऱ्यांचा हात धरावा, आणि वडिलांना घडीच्या काठीची सवय असेल तर ती बॅगेत घालावी.

आता इन्सुलिनविषयी. आपल्याकडे आपण त्याला उष्णतेपासून जपतो, पण तेथे गोठण्यापासूनही जपावे लागते, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरण्यास योग्य राहत नाही. म्हणून ते कधीही विमानाच्या मालकक्षात जाणाऱ्या बॅगेत ठेवू नका. डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा आणि निम्मा साठा आपल्या, निम्मा आईंच्या पिशवीत असा विभागून न्या. डोंगरावर पेन जाकिटाच्या आतल्या, अंगालगतच्या खिशात असावे, आणि रात्री गाडीत काहीही राहू देऊ नये. रक्तातील साखर मोजण्याच्या पट्ट्याही अति थंडीत चुकीचा आकडा दाखवू शकतात. शिम्बुलाकला माझ्या वडिलांचे यंत्र उघड्यावर चालेना, ते उपाहारगृहात नेऊन ऊब लागल्यावर व्यवस्थित चालले. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात, कारण थंडीत चढ चढताना साखर अचानक उतरू शकते. समाधानाची गोष्ट ही की, 1 मार्च 2024 पासून संपूर्ण कझाकस्तानात एकच वेळ लागू असून ती आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे, त्यामुळे जेवणाच्या आणि डोसाच्या वेळा फारशा बदलाव्या लागत नाहीत. 3200 मीटरपर्यंत दोघांना न्यायचे की शिम्बुलाकलाच थांबायचे, हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. बाकीची औषधे मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्यावीत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध मुळीच नेऊ नये.

शाकाहाराचा प्रश्न आपण समजता तेवढा अवघड नाही, पण तयारी लागते. कझाक जेवणाचा कणा मांस हाच आहे, त्यात घोड्याचे मांसही आले, आणि पुलावातले मांसाचे तुकडे बाजूला काढून दिले तरी भात त्याच रसात शिजलेला असतो. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण काही ठिकाणी कोंबडी किंवा सॉसेज मांसात धरत नाहीत. म्हणून मांस, कोंबडी, मासे, अंडे आणि मांसाचे पाणी यांपैकी वडिलांना जे चालत नाही ते प्रत्येक नाव घालून रशियन भाषेत छापलेली चिठ्ठी जवळ ठेवा. तंदुरी नान, दही, लाल भोपळ्याचे सारण भरून वाफवलेले, मोमोसारखे मान्ती आणि ग्रेचका नावाचा शिजवलेला कुट्टू हे पदार्थ शहरात मिळतात. ग्रीन बाजारात कोरियन बायकांच्या दुकानांवर गाजर, कोबी, वांगी यांच्या मसालेदार कोशिंबिरी मांडलेल्या असतात. 1937 साली सोव्हिएत राजवटीने अतिपूर्वेकडून सक्तीने हलवलेल्या कोरियन लोकांची ही देणगी आहे, आणि आमच्या घरच्यांना तीच चव सर्वांत जवळची वाटली. घरून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, फुटाणे, पहिल्या दोन दिवसांपुरत्या ज्वारीच्या दशम्या आणि गरम पाणी घालून होणाऱ्या उपम्याची पाकिटे न्यावीत. लोणचे तेल गळणार नाही अशा बंद पाकिटात आणि मोठ्या बॅगेतच ठेवावे. फळे मात्र नेऊ नका; सफरचंदाचा रानटी पूर्वज याच तिएन शान पर्वतराजीतला आहे आणि बाजारात सफरचंदांच्या राशी लागलेल्या असतात. चहा कझाक लोक दूध घालूनच पितात, त्यामुळे आईंची सोय होईल. एक थर्मास मात्र न विसरता घ्या.

चारिन दरी किंवा काइंदीचे सरोवर पाहण्याचा बेत असेल, तर दिवसाचा बराच भाग गाडीत जातो आणि वाटेतली स्वच्छतागृहे साधी असतात. टिश्यू, ओले रुमाल, पाण्यासाठी रिकामी बाटली आणि लहान टॉर्च बरोबर असावा. कोरड्या हवेने ओठ आणि टाचा फुटतात, त्यावर आपले कोकमाचे तेल उत्तम चालते. गॉगल आणि सनस्क्रीनही घ्या.

विजेचा दाब जवळजवळ आपल्याएवढाच, म्हणजे 220 व्होल्टचा आहे, पण आपली मोठी तीन पिनांची खुंटी तेथील सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून दोन गोल पिनांचा अडॅप्टर घ्या. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवावी. भारतीय पासपोर्टावर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी परतीचे तिकीट आणि हॉटेलची नोंदणी कागदावर छापून न्यावी. डॉलरच्या नोटा कोऱ्या, न दुमडलेल्या असाव्यात. फोनवर रशियन भाषांतराची सोय इंटरनेटशिवाय चालेल अशी आधीच उतरवून घ्या.

निघण्याच्या दोन दिवस आधी अल्माटीचे आणि शिम्बुलाकचे हवामान वेगवेगळे पाहा, आणि शिम्बुलाकचा रात्रीचा आकडा उणे दहाच्या खाली दिसला, तर आईवडिलांसाठी थर्मलचा आणखी एकेक जोड बॅगेत घाला.