नव्वदच्या दशकातले आर्केड बोर्ड जमवतो. पॅक-मॅन, ॲस्टेरॉइड्ससारख्या जुन्या गेमची गोडी कशी लावून घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'मुस्तफा' आणि किंग ऑफ फायटर्स ९७ चे बोर्ड (गेम मशीनच्या आतली सर्किटची पाटी) तुमच्याकडे आहेत, जामा वायरिंगचं (आर्केड बोर्ड जोडायच्या ठरावीक पद्धतीचं) कॅबिनेट आहे. आता १९७८ ते १९८३ मधले गेम संग्रहात आणावेत असं वाटतं, पण एम्युलेटरवर (संगणकावर जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) लावले की दहा मिनिटांत कंटाळा येतो. मग घ्यावेत का, आणि सुरुवात कुठून करावी?

घ्या. पण बोर्डावर पैसे घालण्याआधी महिनाभर खेळायची पद्धत बदलून बघा, कारण अडचण बहुतेक तिथेच आहे.

आपल्याकडच्या पार्लरमध्ये गेम शेवटपर्यंत नेणं हेच ध्येय असायचं. लाइफ संपल्या की आकडे उलटे मोजून व्हायच्या आत दुसरं कॉइन टाकायचं आणि पुढे जायचं. मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. तो बांधलाच त्या हिशेबाने आहे. दर टप्प्याला नवी जागा, नवा बॉस. १९८० च्या आसपासच्या बहुतेक गेमना शेवटच नाही आणि कंटिन्यूही नाही. 'पुढे काय दिसेल' म्हणून बसलात तर दहा मिनिटांत सगळं बघून होतं, हे खरंच आहे. पण या गेममध्ये बघायचं ते वेगळं: हा कुठल्या नियमांवर चालतो, आणि ते नियम वापरून एका कॉइनमध्ये किती गुण काढता येतात. दोन आठवडे एकच गेम, रोज अर्धा तास, आणि प्रत्येक डावाचे गुण वहीत. वही हवीच, कारण मूळ पॅक-मॅन, स्पेस इन्व्हेडर्स, ॲस्टेरॉइड्स या बोर्डांवर गुण जपायची सोयच नाही. वीज बंद केली की हाय स्कोअर गेला.

एम्युलेटरवर खेळताना तीन गोष्टी आधी नीट करा. पहिली स्टिक. पॅक-मॅन आणि डाँकी काँग चार दिशांच्या स्टिकसाठी बनवलेले आहेत. आठ दिशांच्या स्टिकवर वळताना हात तिरका जातो, बोर्डाला दोन दिशा एकदम मिळतात आणि वळण हुकतं. खेळणाऱ्याला वाटतं गेम ढिला आहे. बऱ्याच स्टिकच्या तळाशी चौकोनी भोक असलेली रिस्ट्रिक्टर पट्टी असते. ती ४५ अंशांत फिरवता येत असेल तर फिरवा, नाहीतर चार दिशांची वेगळी पट्टी लावा. दुसरी गोष्ट पडदा. यातले बरेच गेम उभ्या पडद्याचे आहेत. पॅक-मॅनचं चित्र २२४ × २८८ पिक्सेलचं. आडव्या लॅपटॉपवर ते मधल्या चिंचोळ्या पट्टीत दिसतं. मॉनिटर ९० अंशांत उभा करा, प्रमाण ३:४ ठेवा आणि टीव्ही वापरत असाल तर त्याचा गेम मोड चालू करा, म्हणजे चित्र मागे पडत नाही. तिसरी गोष्ट डिपस्विच, म्हणजे बोर्डावरच्या सेटिंगच्या छोट्या कळा. पॅक-मॅनमध्ये लाइफ ३, जादा लाइफ १०,००० वर, अवघडपणा नॉर्मल ठेवा. पाच लाइफ घेऊन सराव करू नका. मग वहीतल्या आकड्यांची तुलना कशाशीच होत नाही.

सुरुवात पॅक-मॅनपासून करा. नामकोसाठी तोरू इवातानी यांनी केलेला हा १९८० चा गेम सगळ्यांना माहीत असतो आणि फार थोड्यांनी खरा खेळलेला असतो. पहिल्या फेरीचा हिशेब बघा. २४० छोट्या गोळ्या १० गुणांच्या, ४ मोठ्या ५० गुणांच्या. नुसतं मैदान साफ केलं तर २,६००. एका मोठ्या गोळीवर चारही भुतं खाल्ली तर २००, ४००, ८००, १,६०० असे ३,००० मिळतात, चार गोळ्यांवर १२,०००. चेरी दोनदा येते, ७० आणि १७० गोळ्या खाऊन झाल्यावर, प्रत्येकी १००. एकूण १४,८००. दोन माणसं तीच फेरी पार करतात, एकाचे ३,००० होतात आणि दुसऱ्याचे १४,०००. गेम या दोघांच्या मधल्या जागेत आहे.

आता भुतं. ती अंदाधुंद फिरत नाहीत. लाल भूत तुम्ही असाल त्या घरावर येतं. गुलाबी तुमच्या पुढची चार घरं गाठायला बघतं, म्हणजे आडवं येतं (तुम्ही वर तोंड करून असताना प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे त्याचा नेम चार घरं वर आणि चार घरं डावीकडे पडतो). निळसर भूत तुमच्या पुढचं दुसरं घर घेतं, लाल भुतापासून त्या घरापर्यंत रेघ ओढतं आणि ती दुप्पट करून जिथे संपेल तिथे निघतं. म्हणून लाल जवळ आलं की निळसरही जवळ येतं. नारिंगी आठ घरांपेक्षा लांब असेल तर पाठलाग करतं, जवळ आलं की खालच्या डाव्या कोपऱ्याकडे वळतं. पहिल्या फेरीत आधी ७ सेकंद सगळी आपापल्या कोपऱ्याकडे जातात, मग २० सेकंद पाठलाग, परत ७ आणि २०, मग ५ आणि २०, पुन्हा ५, आणि त्यानंतर पाठलाग थांबतच नाही. पाळी बदलल्याची खूण पडद्यावर दिसते: भुतं एकदम उलटी फिरतात. ही खूण दिसायला लागली की गेम दुसराच वाटायला लागतो.

वेगाचाही हिशेब आहे. पूर्ण वेग १०० धरला तर पहिल्या फेरीत मोकळ्या वाटेवर पॅक-मॅन ८०, भूत ७५. पण प्रत्येक छोट्या गोळीला पॅक-मॅन एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र बदलायला लागतो तेवढा वेळ) थबकतो, त्यामुळे खाताना त्याचा वेग ७१ च्या आसपास येतो. म्हणजे खात पळालात तर लाल भूत गाठणारच. सुटायचं असेल तर आधी खाऊन मोकळ्या केलेल्या वाटेने पळा. बोगद्यात भुताचा वेग ४० वर येतो, तुमचा कमी होत नाही. शिवाय वळणाच्या थोडं आधी स्टिक ढकलून ठेवली तर पॅक-मॅन कोपरा कापून वळतो, भुतांना ते जमत नाही. दर वळणाला थोडं थोडं अंतर मिळत जातं, म्हणून वर स्टिकबद्दल एवढं लिहिलं.

मशीन तेच हात मिळाले की तेच उत्तर देतं. मोठी गोळी खाल्ल्यावर निळी झालेली भुतं यदृच्छेने वळल्यासारखी दिसतात, पण तो आकड्यांचा क्रमही दर फेरीला पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून ठरावीक वाट पाठ करता येते आणि ती दरवेळी चालते. २५६ व्या फेरीत फेऱ्या मोजणारा आठ बिटांचा आकडा उलटतो (२५५ नंतर पुन्हा शून्य होतो) आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरतो. तिथवरच्या निर्दोष खेळाचे गुण ३३,३३,३६०. तुमच्यासाठी पहिलं लक्ष्य ३०,००० पुरे. तिथवर पाठ केलेल्या वाटेशिवाय, फक्त भुतांचा स्वभाव ओळखून जा. वाट आधी पाठ केली तर गुण वाढतात, गेम मात्र कळत नाही.

दुसरा गेम म्हणून मी गॅलगा सांगेन. नामको, १९८१. मुस्तफा आवडणाऱ्याला तो लवकर लागतो, कारण त्यात जोखीम घेऊन ताकद मिळवता येते: बॉसच्या किरणात आपलं विमान मुद्दाम पकडू द्यायचं, मग तो बॉस झेप घेत असताना त्याला पाडून विमान सोडवायचं, की दोन विमानं जोडीने लढतात. यात शेवटची लाइफ पणाला लावू नका. पकडलेलं विमान हीच शेवटची असेल तर डाव तिथेच संपतो. एका विमानाच्या दोनच गोळ्या एका वेळी पडद्यावर राहतात, म्हणून नेम चुकला की पुढची गोळी अडते. तिसरा टप्पा आणि नंतर दर चौथा टप्पा चॅलेंजिंग स्टेज असतो. त्यात ४० शत्रू येतात, सगळे पाडले तर १०,०००.

स्पेस इन्व्हेडर्स (तायतो, १९७८, तोमोहिरो निशिकादो) संग्राहकाने निदान समजून घ्यावा. ५५ शत्रू, आणि दर फ्रेमला त्यातला एकच पुढे सरकतो. सगळे जिवंत असताना पूर्ण फौजेचं एक पाऊल पडायला जवळपास एक सेकंद जातो. एकच उरला की तो दर फ्रेमला सरकतो. तो चढत जाणारा वेग, ज्याने घाम फुटतो, इथून येतो. वरून जाणारी तबकडी नशिबाने गुण देत नाही: २३ व्या गोळीने पाडली तर ३००, त्यानंतर दर १५ व्या गोळीला पुन्हा ३००. गोळ्या मोजत खेळून बघा.

ॲस्टेरॉइड्स (अटारी, १९७९) मात्र एलसीडीवर बघून नापसंत ठरवू नका. त्याचा मॉनिटर वेक्टर आहे: इलेक्ट्रॉनचा झोत टीव्हीसारखा ओळीओळीने फिरत नाही, थेट रेघा काढतो. गोळीचा ठिपका फॉस्फरवर (पडद्याच्या आतल्या चमकणाऱ्या थरावर) ज्या तेजाने चमकतो ते सपाट पडद्यावर येत नाही. खेळ पाच बटणांचा आहे, तुमच्या चारच गोळ्या एका वेळी उडू शकतात आणि छोटी तबकडी १,००० गुणांची. नियम एम्युलेटरवर शिका, मत मात्र खरं मशीन बघून बनवा.

डिफेंडर आणि रोबोट्रॉन आत्ता नकोत. दोन्ही थोर आहेत, पण हात तयार नसताना मिनिटाभरात संपतात आणि मन उतरतं.

आता बोर्ड. जामाचं मानक १९८५ चं, म्हणजे यातला एकही बोर्ड तुमच्या वायरिंगला थेट लागणार नाही. त्या काळी कंपनीगणिक, कधी गेमगणिक कनेक्टर वेगळा होता. मूळ पॅक-मॅनला ४४ पिनांचा एज कनेक्टर (बोर्डाच्या कडेवर बसणारा जोड) आहे आणि तो बोर्डावर सुमारे ७ व्होल्ट एसी घेऊन तिथेच डीसी करतो. म्हणून नेमका पॅक-मॅनसाठीचा जामा ॲडाप्टर घ्या, नुसत्या तारा जुळवू नका. बघताना आधी एजच्या त्या एसीच्या पिना पाहा. काळ्या पडलेल्या, उचकटलेल्या असतील तर संपर्क सैल होऊन तापल्या आहेत. कनेक्टर बदलल्याशिवाय तो बोर्ड चालवू नका. दुसरी दुखरी जागा म्हणजे बोर्डावर बसवलेली दोन छोटी कार्डं, सिंक बस कंट्रोलर आणि व्हीरॅम ॲड्रेसर. त्यांचे पाय गंजले की चित्र फाटतं किंवा गेम उठतच नाही. २११४ रॅम (मेमरीची चिप) या काळच्या बोर्डांत वारंवार जाते. पडद्यावर स्थिर कचरा दिसला तर आधी तिच्यावर संशय घ्या. ईप्रॉमच्या (गेमचा प्रोग्रॅम साठवलेल्या चिपच्या) काचेवरचं स्टिकर निघालं असेल तर लगेच अपारदर्शक चिकटवा, अतिनील प्रकाशाने आतला प्रोग्रॅम पुसतो.

व्होल्टेज एसएमपीएसवर (बोर्डाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) मोजू नका, बोर्डावर मोजा. १४ पायांच्या साध्या ७४ मालिकेच्या आयसीवर मल्टीमीटरचं काळं टोक ७ व्या पायावर, लाल १४ व्यावर. ५.०० ते ५.१० हवं. ४.७५ च्या खाली गेलं की बोर्ड पुन्हा पुन्हा रिसेट होतो आणि माणूस उगाच आयसी बदलत बसतो. एज साफ करायला पांढरं खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि वीज चालू असताना बोर्ड काढ-घाल कधीच नाही.

तुमचा मॉनिटर आडवा असणार, म्हणजे पिक्चर ट्यूब फिरवावी लागेल. तिच्यावर २०,००० व्होल्टच्या आसपासचा भार असतो आणि बंद केल्यावरही उरतो. ट्यूब डिस्चार्ज करणं (तो उरलेला भार उतरवणं) जुना टीव्ही मेकॅनिक शेजारी उभा असताना शिका. फिरवल्यावर रंगाचे डाग दिसले तर डीगॉस करा, म्हणजे ट्यूबमधलं चुंबकत्व काढा. मॉनिटर अमेरिकन असेल तर ११५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आयसोलेशनचाच (मेन्सशी थेट जोड न ठेवणारा) हवा. घरगुती ऑटोट्रान्सफॉर्मर चालत नाही, कारण अशा मॉनिटरच्या अनेक चेसिस (आतल्या सर्किटच्या पाट्या) थेट मेन्सशी जोडलेल्या असतात आणि हात लागला की जिवावर बेततं.

मुस्तफाच्या बोर्डावर बॅटरी आहे, ती मेली की आवाजाच्या प्रोसेसरची चावी (त्याचा प्रोग्रॅम उलगडणारे आकडे) पुसली जाते. ती बॅटरी बदलायचं काम या खरेदीच्या आधी उरका. पॅक-मॅनच्या बोर्डावर बॅटरीच नाही, म्हणून तो ठेवायला सोपा. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात असाल तर पावसाळ्यात बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत सिलिका जेलसह उभे ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी तासभर चालवा. पार्टिकल बोर्डाचं कॅबिनेट थेट फरशीवर ठेवू नका, खालच्या कडा ओल शोषून फुगतात आणि परत बसत नाहीत.

खरेदीचा क्रम: पॅक-मॅन, मग गॅलगा. ॲस्टेरॉइड्सचा नुसता बोर्ड घेऊ नका. वेक्टर मॉनिटरसकट, चालू स्थितीत मिळाला तरच घ्या, आणि तेही डिफ्लेक्शनचे (झोत वळवणारे) ट्रान्झिस्टर बदलू शकणारा माणूस ओळखीचा असेल तर. मॉनिटरवरचा स्पॉट किलरचा (झोत फिरेनासा झाला की तो बंद करणाऱ्या सर्किटचा) दिवा लागलेला दिसला तर झोत फिरवणारा सिग्नल पोचत नाहीये असं समजा. दोष बोर्डाचा की मॉनिटरचा हे विक्रेत्याने दाखवून दिल्याशिवाय पैसे देऊ नका.