१९२ किलोहर्ट्झच्या फाइल्ससाठी वेगळा डॅक घ्यावा का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: राजारामपुरीत खोली, विंडोजचा लॅपटॉप, अँड्रॉइड फोन, ३२ ओहमचे हेडफोन आणि घरचा जुना ॲम्प्लिफायर. २४ बिट/१९२ किलोहर्ट्झच्या फाइल्स उतरवून घेतल्यात, पण साध्या फाइलपेक्षा फरक जाणवत नाही. मग ५,००० रुपयांचा डॅक घेतला तर जाणवेल का?

फक्त तेवढ्यासाठी घेऊ नका. डॅक तुमच्याकडे आत्ताही आहे, फोनमध्येही आणि लॅपटॉपमध्येही. फाइलमधले आकडे घेऊन त्यांचं कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजमध्ये रूपांतर करते ती चिप म्हणजेच डॅक. प्रश्न एवढाच की आहे तो बरा आहे की नाही.

आधी आकड्यांचं बघू. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४४,१०० मोजमापं (हाच सॅम्पल रेट). त्यातून निम्म्यापर्यंतची, म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झच्या आतली लहर जशीच्या तशी परत मिळते. जाहिरातीत जिन्याच्या पायऱ्यांसारखी लहर दाखवतात ते चित्र विसरा. डॅकमधला फिल्टर सलग लहरच बाहेर देतो, पायऱ्या कुठेही ऐकू येत नाहीत. कानाची धाव फार तर २० किलोहर्ट्झ, आणि चाळिशीनंतर तीही बरीच खाली येते. १९२ च्या फाइलमध्ये जादा मिळतं ते त्याच्या वरचं, वटवाघळाच्या उपयोगाचं.

बिट म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, दर बिटला सुमारे ६ डेसिबेल. १६ बिटला ९६, २४ ला कागदावर १४४. प्रत्यक्षात चांगला डॅकही १२० च्या आसपास दमतो. पंखा फिरत असलेल्या खोलीत मुळातच ४० डेसिबेलच्या आसपास घरघर असते. तिच्या वर ९६ चढवले की कान दुखायच्या पलीकडे गेलात. (गणपतीत आपण ज्याला ‘डॉल्बी’ म्हणतो ती भिंत ऐकून ज्यांचे कान गेलेत त्यांनी बिट मोजूच नयेत. गंमत म्हणजे ते नाव मूळचं टेपवरची खरखर कमी करणाऱ्या कंपनीचं.)

२४ बिट वाया असं मात्र नाही. रेकॉर्डिंगला ते हवंच. तबल्याची थाप अचानक जोरात पडते, म्हणून सर्वांत मोठा आवाज कमाल पातळीच्या १२ डेसिबेल खाली, म्हणजे उणे १२ च्या आसपास ठेवायचा. २४ बिटमध्ये एवढी जागा सोडूनही तळाला भरपूर उरतं. दुसरा उपयोग सॉफ्टवेअरमधल्या व्हॉल्यूमचा. तो ३६ डेसिबेलने खाली आणला की ६ बिट खर्च होतात. डॅक २४ बिटवर चालत असेल तर गाण्याचे १६ शाबूत राहतात.

आता फाइल खरी आहे का ते बघा. स्पेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि फाइल त्यात ओढून टाका. फाइलमध्ये किती किलोहर्ट्झपर्यंत आवाज आहे त्याचं रंगीत चित्र ते काढतं. चित्रातला रंग २२ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखा थांबला आणि वर नुसतं काळं असेल, तर सीडीची फाइल फुगवून १९२ म्हणून दिलीय. १६ ला थांबला तर बहुधा १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट) एमपी३ला नवा सदरा घातलाय. केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८ च्या तबकड्यांसारख्या रेकॉर्डिंगचं तर विचारूच नका. तबकडीतच जे नव्हतं ते कुठला सॅम्पल रेट आणणार? तिथे सगळा फरक तबकडी कुणी किती नीट उतरवून घेतली याचा.

तुलना करताना लोक हमखास चुकतात. हाय-रेझ (म्हणजे तुमच्या २४/१९२ सारख्या) आवृत्तीचं मास्टरिंगच, म्हणजे विक्रीआधीची शेवटची घडण, बऱ्याचदा वेगळं असतं, शिवाय एक फाइल जराशी मोठ्याने वाजली की तीच सरस वाटते. म्हणून हाय-रेझ फाइलचीच १६ बिट/४४.१ ची प्रत बनवा आणि फूबार२००० या विंडोजवरच्या प्लेअरमध्ये एबीएक्सचं जोडसॉफ्टवेअर (कुठली फाइल वाजतेय ते लपवून ओळखायला लावणारं) टाकून डोळे झाकून ओळखा. १६ पैकी निदान १२ वेळा बरोबर आलं तरच फरक ऐकू येतोय असं धरा.

लॅपटॉपचा जॅक तपासायला हेडफोन लावा, गाणं थांबवा, व्हॉल्यूम पूर्ण वाढवा आणि माउस हलवा. (गाणं सुरू करण्यापूर्वी व्हॉल्यूम आठवणीने खाली आणा.) चिरचिर किंवा सूंऽऽ ऐकू आलं तर जॅक खराब, आणि तिथे बाहेरचा डॅक खरंच उपयोगी. त्यालाही दोन-अडीच हजारांचा साधा टाइप-सी डोंगल, म्हणजे हेडफोनचा जॅक असलेला छोटा डॅक, पुरे. डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा विद्युत अडथळा) ४ ओहमच्या आत हवा, तुमच्या ३२ च्या एक अष्टमांश. अगदी स्वस्त डोंगलमध्ये कधीकधी डॅकच नसतो, नुसत्या तारा असतात. लॅपटॉपच्या टाइप-सीत लावल्यावर यादीत नवं साउंड डिव्हाइस दिसलं नाही तर दुकानदाराला परत द्या.

डोंगल लावून काम संपत नाही. विंडोज सगळे आवाज एकत्र करून एकाच रेटला आणतं, म्हणून साउंड सेटिंग्जमध्ये त्या डिव्हाइसचा फॉरमॅट २४ बिट/४४,१०० करा किंवा फूबारमध्ये एक्स्क्लुझिव्ह आउटपुट (विंडोजचं हे मिश्रण टाळणारं) निवडा. अँड्रॉइडही सहसा सगळं ४८ किलोहर्ट्झवर नेतं. ते टाळायचं तर यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं ॲप लागतं. ब्लूटूथवर तर हा वादच नको. सीडीला १,४११ केबीपीएस लागतात, आणि ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एलडॅक ही पद्धत जास्तीत जास्त ९९० देते.

जुन्या ॲम्प्लिफायरला जोडताना ३.५ मिमीवरून दोन आरसीएची केबल घ्या, डोंगलचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि पिना ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ लिहिलेल्या तोंडात घाला. फोनोमध्ये घातल्या तर आवाज फाटेल आणि बास घुमेल, कारण ते तोंड तबकडीच्या सुईसाठी आहे. ५० हर्ट्झची घूं आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून वीज फिरतेय: चार्जर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर लावा, नाहीतर ऑडिओ केबलच्या मधे आयसोलेटर (तो दुवा तोडणारी डबी) घाला. ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र काढू नका. घूं जाईल, पण उद्या आत वायर सुटली तर डब्याला हात लावणाऱ्याला शॉक बसेल.