डिकी वर थांबत नाही : गॅस शॉकरविषयी प्रश्नोत्तरे

डिकीचं झाकण वर उचलून धरणाऱ्या, गॅस भरलेल्या नळी-दांडीच्या शॉकरविषयी जे काही विचारलं जातं, ते जवळजवळ सगळं एकाच गैरसमजातून येतं. शॉकर म्हणजे झाकण वर ढकलणारी दांडी, जितकी दणकट तितकी चांगली, आणि एका गाडीची दुसऱ्या गाडीला चालून जाते, हा तो गैरसमज. प्रत्यक्षात शॉकर एका ठरावीक झाकणासाठी बेतलेला असतो. त्याची पूर्ण उघडी लांबी, दांडी किती आत जाते ते अंतर (दांडीची चाल) आणि त्याचा जोर, या तिन्ही गोष्टी त्या झाकणाचं वजन आणि बिजागरीची जागा पाहून ठरतात. खाली मूळ मापाचाच शॉकर घ्या असं पुन्हा पुन्हा म्हटलं आहे, ते याचसाठी.

प्रश्न : हॅचबॅकची डिकी उघडली की वर राहते, पण मिनिटभरात हळूहळू खाली यायला लागते. शॉकर गेले का?

गेले. जोडी बदला.

प्रश्न : डावीकडच्या शॉकरच्या दांडीवर तेल दिसतं, उजवा कोरडा आहे. एकच बदलला तर चालेल ना?

नाही. दोन्ही शॉकर तितकेच उघडले-मिटले आहेत. उजव्याचं सील (दांडीभोवतीचं, गॅस आत अडवून ठेवणारं कडं) अजून फुटलेलं नाही, एवढाच फरक. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला दमलेला शॉकर बसवला की झाकण तिरपं उचललं जातं. मग एका बिजागरीवर ताण येतो, बंद करताना लॉक नीट बसत नाही आणि झाकणाच्या दोन बाजूंच्या फटी कमी-जास्त दिसायला लागतात. काही गाड्यांना मुळातच एका बाजूला शॉकर असतो. तिथे अर्थातच एकच लागेल. तुमची गाडी तशी आहे का, हे सुट्या भागांच्या यादीत चेसिस नंबरवरून कळतं.

प्रश्न : जुन्याच शॉकरमध्ये गॅस भरून मिळतो म्हणे. करून घ्यावा का?

अजिबात नाही. नळीत दाबाखाली नायट्रोजन असतो आणि सील ओलं राहावं म्हणून थोडं तेल. हा दाब किती, ते साध्या भागाकाराने निघतं. ८ मिलिमीटर जाडीची दांडी ४०० न्यूटनने (न्यूटन हे जोराचं एकक) बाहेर ढकलायची तर नळीत सुमारे ८० बार दाब लागतो. गाडीच्या टायरमध्ये तो दोन-अडीच बार असतो. मोटारीच्या डिकीच्या शॉकरला गॅस भरायची सोयच नसते. ती नळी कारखान्यातून कायमची बंद होऊन येते. भरून देणारा माणूस तिला भोक पाडतो, वाल्व चिकटवतो किंवा वेल्ड करतो. आधीचा गॅस झिजलेल्या सीलमधून गेला होता, तो नवाही त्याच वाटेने जाणार. वर ८० बारची नळी कुणाच्या तरी हातच्या वेल्डिंगवर विसंबून तुमच्या डोक्याशेजारी राहणार.

प्रश्न : दांडीवर ग्रीस किंवा तेलाचा स्प्रे मारला तर शॉकर जास्त टिकतो का?

नाही. त्यावर धूळ चिकटते आणि तीच धूळ सील कापते. दांडी मऊ, कोरड्या कापडाने पुसा, तेवढं पुरे.

प्रश्न : घरी बदलता येतात का? कसे?

साधी डिकी असेल आणि मूळ मापाचे शॉकर हातात असतील तर येतात. डिकी बटणाने, मोटरवर उघडत असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. काही गाड्यांत मागच्या काचेच्या हीटरचा करंट शॉकरमधूनच जातो. शॉकरला वायर जोडलेली दिसली तरी थांबा आणि गाडी वर्कशॉपला न्या.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून उभी करा. वारा असेल तर काम पुढे ढकला. झाकण धरायला दुसरं माणूस हवंच, आणि त्याशिवाय एक लाकडी टेकू. टेकूच्या दोन्ही टोकांना कापड गुंडाळा. वरचं टोक झाकणाच्या आतल्या जाड चौकटीवर टेकवा, काचेवर किंवा पातळ पत्र्यावर नको. एकटं माणूस खांद्यावर झाकण तोलून शॉकर काढायला जातं तेव्हाच बोटं चिरडतात.

काढण्याआधी नवा शॉकर जुन्याशेजारी धरा. शॉकरच्या दोन्ही टोकांना सॉकेट, म्हणजे गाडीवरच्या गोल बॉलवर बसणारी खोबण असते. दोन्ही पूर्ण उघडे असताना एका सॉकेटच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर सारखं हवं. नळीवर छापलेला न्यूटनचा आकडा सारखा हवा. सॉकेटचं मापही तपासा. मोटारीत १० मिलिमीटरचा बॉल खूप आढळतो, पण सगळीकडे तोच असतो असं नाही.

सॉकेटच्या पाठीवर स्प्रिंगच्या तारेची किंवा पत्र्याची क्लिप असते. तिच्या कडेखाली बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर घालून ती तीन-चार मिलिमीटर उचला. पूर्ण उपटू नका. ती उडते आणि डोळ्याला लागते, म्हणून चष्मा घाला. क्लिप सैल झाली की सॉकेट बॉलवरून सरळ बाहेर ओढा, तिरपं उचकटू नका. एका बाजूचा शॉकर काढला की त्याच बाजूचा नवा बसवा, मगच दुसरीकडे वळा.

नवा शॉकर जुना ज्या दिशेने होता त्याच दिशेने लावा. बहुतेक ठिकाणी नळी वर आणि दांडी खाली असते, कारण मग आतलं तेल सीलपाशी राहतं. सॉकेट तळहाताने बॉलवर दाबा. ‘टक्’ असा आवाज येतो. मग जोरात ओढून पाहा, सुटता कामा नये. दांडीला पक्कड लावायची नाही, एकदाही नाही. पकडीच्या दातांचा केसाएवढा ओरखडाही दर उघडझापीला सीलवर घासत राहतो.

बॉलच झिजलेला किंवा डुगडुगत असेल तर तोही बदला आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. त्याच्या मुळाशी पत्र्याला तडा दिसला तर काम तिथेच थांबवून पत्र्याचं काम करणाऱ्याला दाखवा.

टेकू काढल्यावर पहिल्यांदा डिकी आपटून बंद करू नका. हाताने हळूहळू खाली आणा, निम्म्यावर थांबून सॉकेट कुठे बॉडीला, रबराला किंवा वायरिंगला घासत नाही ना ते बघा. शेवटच्या वितीत झाकण एकदम कठीण लागलं तर तिथेच थांबा, शॉकर चुकीचा आहे.

प्रश्न : मूळ शॉकर ३८० न्यूटनचा आहे. दुकानदार ५५० न्यूटनचा देतो, म्हणतो ‘दमदार टाका, पुन्हा बघायला नको’. तो फक्त २० मिलिमीटर लांब आहे. घेऊ का?

घेऊ नका. हा प्रश्न या ना त्या रूपात येतच राहतो आणि दर वेळी मागे असाच एक विक्रेता असतो, ज्याच्याकडे तुमच्या मापाचा शॉकर शिल्लक नसतो. म्हणून सविस्तर सांगतो.

आधी जोर. छापलेला आकडा शॉकर जवळजवळ पूर्ण उघडा असतानाचा असतो. मिटताना आतला गॅस दबतो आणि जोर वाढतो, साधारण सव्वा ते दीडपट होतो. म्हणजे डिकी बंद असताना ५५० न्यूटनचा शॉकर ७०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त जोराने ढकलत असतो, दोन्ही बाजूंनी, रात्रंदिवस. हा छापील आकडाही २० अंश सेल्सिअसचा असतो. दर १० अंशांना जोर साडेतीन टक्क्यांच्या आसपास बदलतो. उन्हात बंद उभ्या गाडीत शॉकर ६० अंशांपर्यंत तापला की ५५० चे ६२५ होतात. उलट ० अंशाला ३८० चे ३५० च्या आसपास उरतात. कडाक्याच्या थंडीत सकाळी डिकी जराशी सुस्त वाटते आणि दुपारी ठीक होते, ती याचमुळे. तेवढ्यावरून दमदार शॉकर शोधायला निघू नका.

हा जादा जोर कुठेतरी जातो. लॉक उघडताच झाकण उसळतं आणि वर वाकलेल्या माणसाच्या हनुवटीवर बसतं. वर पोचताना बिजागरी दर वेळी धक्का खाते. शॉकर जिथे बसतो तिथला पत्रा आधी रंगाला बारीक चिरा देतो, मग स्वतः तडकतो. बंद करायला झाकण आपटावं लागतं आणि लॉकवर सतत ताण राहतो. लांब, पातळ झाकण असेल तर ते मध्ये किंचित फुगतं, रबर नीट दाबलं जात नाही आणि पावसाचं पाणी आत येतं. तेव्हा लोक रबर बदलत बसतात.

आता ते ‘फक्त’ २० मिलिमीटर. समजा, डिकी बंद असताना दोन बॉलमध्ये २८५ मिलिमीटर अंतर उरतं आणि मूळ शॉकर मिटून २८० होतो. पाच मिलिमीटर सवड आहे. नव्याची दांडी तेवढीच आत जात असेल तर तो मिटून ३०० होणार. म्हणजे झाकण बंद व्हायच्या आधीच तो आत पूर्ण टेकतो आणि साधा लोखंडी गज होतो. त्यानंतर तुम्ही झाकणाच्या कडेवर दाबता तेव्हा तरफेमुळे कित्येक पट जोर शॉकरच्या बॉलवर आणि बिजागरीवर येतो. पत्रा वाकतो, बिजागरी वाकते, हॅचबॅकची काचही जाऊ शकते. उघडताना झाकण ठरल्यापेक्षा वर जातं आणि बिजागरी किंवा छताची कड दुखावते, ते वेगळंच.

लांबी, दांडीची चाल आणि जोर, तिन्ही मूळ भागाशी जुळले तरच शॉकर घ्या. जुन्यावरचा छापा पुसला गेला असेल तर अंदाज करू नका. चेसिस नंबर देऊन मूळ भागाचा क्रमांक मिळवा. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असं पाकिटावर लिहिलेलं असेल तर ते पाकीट परत ठेवा.

प्रश्न : मग सेडानच्या झाकणावर अडीच किलोचा स्पॉइलर बसवला आणि आता डिकी खाली येते, तेव्हाही जोर वाढवायचा नाही?

तिथे वाढवावा लागतो, पण हिशोबाने. महत्त्वाचं असतं ते वजन गुणिले बिजागरीपासूनचं आडवं अंतर. उदाहरण घ्या : झाकण १२ किलो, उघडं असताना त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून आडवा ३० सेंटिमीटर. हा भार सुमारे ३५ न्यूटन-मीटर झाला. शॉकरची रेषा बिजागरीपासून १० सेंटिमीटर लांबून जात असेल तर दोन शॉकरना मिळून ३५० न्यूटन लागतात, म्हणजे एकाला १७५, आणि १५ टक्के सवड धरून २००. आता स्पॉइलर अगदी कडेला, ५० सेंटिमीटरवर. तो एकटा १२ न्यूटन-मीटर वाढवतो. वजन पाचव्या हिश्श्याने वाढलं, भार मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. एका शॉकरला आता २७५ च्या आसपास लागतील, लांबी आणि चाल आधीचीच. तुमच्या झाकणाचे आकडे वेगळे असणार. ते मोजून, झाकण प्रत्यक्ष तोलून घेणाऱ्याकडूनच शॉकर ठरवा.

प्रश्न : माझ्या सेडानला शॉकर नाहीत, पिळाच्या स्प्रिंगा आहेत. त्या काढून शॉकरचं किट लावू का? भोकं पाडायची सूचना सोबत आहे.

घरी नको. मागच्या सीटच्या पाठीमागे आडव्या बसवलेल्या त्या सळया पीळ देऊन अडकवलेल्या असतात. सुटल्या की हाताची हाडं मोडण्याइतक्या जोरात फिरतात. त्या तशाच ठेवून वर शॉकर चढवले तर दोघांचा जोर मिळून झाकण उसळेल. आणि भोकं पाडायच्या जागी मागे वायरिंग असतं, काही गाड्यांत मागच्या खांबाजवळ पडदा-एअरबॅगचा भाग असतो. झाकणाचा बाहेरचा पत्राही आतल्या पत्र्यापासून बोटभरच दूर असतो. ड्रिल घसरला की वरून फुगवटा दिसतो. कापलेल्या पत्र्याला गंजरोधक लावायला किटवाले सांगत नाहीत. हे काम वर्कशॉपमध्येच करून घ्या.

प्रश्न : डिकीला टेकू म्हणून काठी ठेवतो, वर्षभर काही झालं नाही. घाई आहे का?

आहे. काठी सरकते. झाकण पडतं तेव्हा माणूस सामान काढायला वाकलेला असतो आणि कड मानेवर येते. लहान मूल असेल तर डोक्यावर. शॉकर या आठवड्यात बदला. तोपर्यंत दुसऱ्या कुणी झाकण धरल्याशिवाय डिकीत वाकू नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

प्रश्न : काढलेले जुने शॉकर कापून भंगारात टाकू का?

कापू नका, भोक पाडू नका, आगीत टाकू नका. झाकण उचलायला कमी पडणाऱ्या शॉकरमध्येही बराच दाब शिल्लक असतो. दांडी हाताने सहज आत जात असली तरी तो रिकामा धरू नका. जोडी आहे तशीच वर्कशॉपमध्ये द्या आणि आत दाब असल्याचं सांगून द्या.