गच्चीच्या कठड्याचे खांब ओतण्याआधी

भाऊ, नक्षी ठरवायच्या आधी दोन खांबांमधली फट ठरवा. ती खांबांच्या फुगीर पोटाशी मोजू नका, मानेपाशी मोजा; खांब तिथे बारीक, म्हणून फट सर्वांत रुंद. 10 सेंमीच्या वर गेली तर लहान पोर त्यातून निसटू शकतं. कठड्याची उंची तयार फरशीपासून किमान 1 मीटर.

हा फुगीर घाट इटलीत 15व्या शतकात रुळला, अशा खांबाला इंग्रजीत ‘बॅलस्टर’ म्हणतात, त्या नावाचं मूळ डाळिंबाच्या फुलात आहे. एक फूल हातात धरून बघाच, फुगवटा कसा हवा ते डोळ्यांना कळतं.

खडी 10 मिमीचीच घ्या. 20ची मानेत अडकते, खाली पोकळी राहते. सळई बरोबर मधोमध. साच्याला टेकली तर पावसाळ्यांत गंजून फुगते आणि काँक्रीटचे टवके उडवते. जळगाव-भुसावळच्या उन्हात साचा सोडल्याबरोबर ओलं गोणपाट गुंडाळा, निदान 10 दिवस ते वाळू देऊ नका.

खांबांच्या डोक्यावरची पट्टी सलग ओतू नका. 10 मीटरची पट्टी 40 अंशांनी तापली की साधारण 4 मिमी वाढते, आणि माना तडकतात. दर 3-4 मीटरवर 10 मिमीचा सांधा सोडा; तिथे चौकोनी जाड खांब द्या, त्याची सळई स्लॅबमधूनच उचला.