मुलाखतीत नेट अडकलं, आता पुढे काय?

एका आईचं पत्र आहे, थोडक्यात देते. मुलगी कॉमर्सची पदवीधर. घरून हिशेबाचं काम करण्यासाठी तिनं व्हिडिओ मुलाखत दिली. मध्येच तिचा चेहरा गोठला, आवाज तुटत राहिला, कॉल दोनदा पडला. आठवड्यानं नकार आला, कारण दिलं ‘संवाद कौशल्य कमी’. तेव्हापासून ती म्हणते, मला बोलताच येत नाही. धाकट्या भावाचा ऑनलाइन वर्गही त्याच नेटवर चालतो. आईचा प्रश्न असा: मुलीला शहरात पाठवू, की घरून नोकरीचा नाद सोडायला सांगू?

ताई, आधी त्या शेऱ्याचं बघू. तुम्हीच लिहिलंय की ती शेजारच्या मुलांना जमाखर्च शिकवते आणि घरात वाद सुरू झाला की कुणाला ऐकत नाही. अशा मुलीची जीभ नेमकी त्याच अर्ध्या तासात जड झाली?

काय झालं असणार, सांगते. समोरच्यानं प्रश्न विचारला, तो तुमच्याकडे अर्ध्या सेकंदानं पोचला. हिनं लगेच उत्तर दिलं, तेही तिकडे अर्ध्या सेकंदानं पोचलं. मधला एक सेकंद त्याला नुसती शांतता ऐकू आली. हिला प्रश्न कळला नसावा असं वाटून त्यानं पुन्हा बोलायला सुरुवात केली आणि तेवढ्यात हिचं उत्तर त्याच्या वाक्यावर येऊन आदळलं. मग दोघंही ‘सॉरी, बोला बोला’ म्हणून गप्प. चार वेळा असं झालं की माणूस कागदावर लिहून टाकतो, अडखळते.

२०१४ साली जर्मनीतल्या काही संशोधकांनी फोनच्या लाइनमध्ये मुद्दाम उशीर घालून लोकांना एकमेकांशी बोलायला लावलं. दोष लाइनचा होता, पण लोकांनी तो माणसाच्या माथी मारला. समोरचा कमी लक्ष देतोय, असंच त्यांना वाटलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकाप्रमाणे आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांत (अर्धा सेकंद म्हणजे ५०० मिलिसेकंद) पोचला तर बोलणं सहज चालतं, आणि ४०० च्या पुढे जाईल असं नेटवर्क आखूच नये. आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, म्हणजे भूस्थिर उपग्रहावरून येणाऱ्या नेटचा पाव सेकंद तर सुमारे ३६ हजार किलोमीटर वर जाऊन खाली येण्यातच जातो.

मीही यात फसले आहे. एका मुलाची ऑनलाइन सराव मुलाखत घेऊन मी वहीत ‘आत्मविश्वास कमी’ असं लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात तो प्रत्यक्ष समोर येऊन बसला आणि मला मध्ये बोलायला फट मिळेना.

आता एक आठवडा वही घाला. सकाळी, दुपारी आणि रात्री स्पीड टेस्ट करून तीन आकडे लिहायचे: डाउनलोड, अपलोड आणि पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. बहुतेक घरांत फक्त पहिला बघतात, कारण जाहिरातीत तोच असतो. मुलाखतीत मात्र मुलीचा चेहरा आणि आवाज बाहेर जायचा असतो, म्हणजे काम अपलोडचं. मोबाइल नेट असो की जुनी टेलिफोनची तार, अपलोड डाउनलोडच्या मानानं बरंच कमी असतं. त्यात फोनमधले फोटो मागच्या मागे क्लाउडवर चढत असतात. ती एवढीशी वाट फोटोंनीच अडवली की आवाजाला जागा उरत नाही. मुलाखतीच्या दिवशी फोटो बॅकअप आणि अपडेट बंद ठेवा. फोन खिडकीत, जिथे रेंज चांगली येते तिथे ठेवून केबलनं कॉम्प्युटरला जोडा. आणि आवाज तुटायला लागला की लाजू नका, सरळ विचारून कॅमेरा बंद करा. नुसत्या आवाजाला सेकंदाला शंभरेक किलोबिट पुरतात, चांगल्या चित्राला त्याच्या दहा-बारा पट लागतात.

आता थोडं थेट मुलीशी बोलते. अगं, ‘घरून काम’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातीची कामं येतात. एकात तू त्या क्षणी तिथे हजर असावी लागतेस: ग्राहकांचे कॉल, लाइव्ह शिकवणी, दिवसभराच्या मीटिंगा. दुसऱ्यात काम तुझ्या मशीनवर होतं आणि नेट फक्त नेण्या-आणण्यापुरतं लागतं: हिशेब, भाषांतर, लेखन, बरंचसं प्रोग्रॅमिंग. प्रोग्रॅमर वापरतात ते गिट नावाचं सॉफ्टवेअर २००५ साली लिनस टॉरवाल्ड्सनं लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी लिहिलं. त्यात प्रत्येकाकडे कामाची पूर्ण प्रत असते. नेट नसताना काम करायचं, नोंदवायचं आणि नेट आलं की पाठवून द्यायचं. तुला अशाच घडणीचं काम शोधायचंय.

पण हिशेबाचं काम म्हणून लगेच निर्धास्त होऊ नकोस. काही कंपन्या ते रिमोट डेस्कटॉपवर करून घेतात. तिथे तू दाबलेली प्रत्येक कळ दूरच्या मशीनपर्यंत जाऊन परत येते, आणि पिंग खराब असेल तर एक आकडा टाइप करतानासुद्धा जीव जातो. म्हणून नोकरी घेण्यापूर्वी विचार: काम माझ्या मशीनवर की तुमच्या? रोज किती तास सगळे एकाच वेळी ऑनलाइन लागतात? मीटिंगमध्ये ठरलेलं कुणी लिहून ठेवतं का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर तिथे जाऊ नकोस, असं माझं मत. व्हिडिओ एडिटिंगचा मोह असेल तर एक हिशेब करून बघ. २ एमबीपीएस (सेकंदाला दोन मेगाबिट) अपलोडवर १० जीबीची फाइल चढवायला अकरा तास लागतात, तेही नेट एकदाही न पडता.

धाकट्याचं म्हणाल ताई, तर त्याच्या शिक्षकांना सांगा की लाइव्ह वर्गाबरोबर त्याचं ध्वनिमुद्रण आणि टिपणं पाठवा. व्हिडिओचा तास साधारण एक जीबी खातो, नुसत्या आवाजाचा तास शंभर एमबीच्या आत बसतो. ही सवलत मागितली असं मनात आणू नका. २०२० साली युनिसेफ आणि दूरसंचार संघानं मिळून मोजदाद केली, तेव्हा ३ ते १७ वयाच्या जगातल्या दोन तृतीयांश मुलांच्या घरी, म्हणजे सुमारे १३० कोटी मुलांकडे इंटरनेट नव्हतं. नुसत्या लाइव्ह वर्गावर शाळा चालवली की त्यातली मुलं बाहेरच राहतात. ‘किविक्स’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात अख्खा विकिपीडिया एकदा उतरवून घेता येतो. मग नेट नसलं तरी वाचायला अडत नाही.

शहराचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. आत्ता ती गेली तर ‘मला बोलता येत नाही’ हे सोबत घेऊन जाईल. वहीत अपलोड दिवसभर एक एमबीपीएसच्या खाली दिसला तर मुलाखती आणि मोठ्या मीटिंगांपुरती चांगल्या नेटची जागा शोधा, एखादं वाचनालय किंवा नातेवाइकांचं घर. रोजच्या कामाला घर पुरेल. हजर राहायच्या कामाचीच तिला आवड असेल तर मात्र शहर टाळता येणार नाही, आणि ते मी गोड करून सांगणार नाही.

त्या कंपनीला तिनं एक मेल पाठवावी. चारच ओळी: “मुलाखतीच्या वेळी माझं नेट दोनदा तुटलं आणि आवाज उशिरा पोचत होता. शक्य असल्यास साध्या फोनवर दहा मिनिटं बोलण्याची संधी द्यावी. सोबत एका महिन्याच्या नमुना व्यवहारांचा मी केलेला ताळमेळ जोडला आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.” उत्तर येईलच असं नाही. पण तो ताळमेळ तयार असू दे, पुढच्या तीन अर्जांनाही तोच जोडता येईल. आणि वहीतले सात दिवसांचे आकडे मला पाठवा, फोटो काढून नको, टाइप करून.