टायटॅनिक पुन्हा बांधायची झाली तर

जहाजांबद्दल विचारा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात एकाच बोटीबद्दल तीन पत्रं आली. तिन्ही एकत्र घेतो. बाकीच्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

प्रश्न : मी खानापूरचा, बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टायटॅनिक हुबेहूब पुन्हा बांधणार ही बातमी मी शाळेत असल्यापासून अधूनमधून वाचतो. जुने नकाशे आहेत, यंत्रं तर तेव्हापेक्षा किती पुढं गेलीत. मग काका, ती अजून पाण्यात का नाही? आणि बांधलीच, तर ती खरोखर तशीच असेल का?
(एक विद्यार्थी, खानापूर)

उत्तर : आधी बातम्यांचं बघू. ऑस्ट्रेलियाचे खाणउद्योजक क्लाइव्ह पामर यांनी ‘टायटॅनिक टू’ची घोषणा केली एप्रिल २०१२ मध्ये, म्हणजे मूळ बोट बुडाली त्याला शंभर वर्षं झाली त्याच महिन्यात. मग २०१८ मध्ये पुन्हा केली, मार्च २०२४ मध्ये आणखी एकदा. अजून तरी बोटीचा कणा, म्हणजे तळातला मुख्य आधार, बसलेला नाही. दुसरी प्रतिकृती चीनमध्ये, सिचुआन प्रांतातल्या दायिंगला २०१६ मध्ये सुरू झाली. ती समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पर्यटकांसाठी एका जागी उभी राहायची होती. तिचंही काम रखडलं. पैसा हे कारण आहेच, पण त्यावर मी जागा घालवत नाही. तुझा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

टायटॅनिक २६९ मीटर लांब आणि २८ मीटर रुंद. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत ३१ मार्च १९०९ ला तिचा कणा बसला आणि ३१ मे १९११ ला ती पाण्यात उतरली. तिच्या अंगावरची प्लेट साधारण इंचभर जाडीची, तीस फूट लांब, सहा फूट रुंद, वजनाला अडीच-तीन टन. या प्लेटा कडेला एकमेकींवर चढवून सुमारे ३० लाख रिव्हेटांनी, म्हणजे तापवून ठोकायच्या धातूच्या जाड खिळ्यांनी, जोडल्या होत्या. आजच्यासारखं वेल्डिंग नव्हतं. तू वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा जोड मारतोस तेव्हा दोन तुकडे वितळून एक होतात. रिव्हेटचं काम अगदी वेगळ्या तत्त्वावर चालतं, ते नीट समजून घे.

एका टोळीत चार-पाच जण असत. एक पोरगा भट्टीवर रिव्हेट लाल करून द्यायचा. दुसरा तो झेलून भोकात घालायचा. आतून एकजण जड लोखंड लावून रेटून धरायचा आणि बाहेरून दोघे, एक उजवा आणि एक डावखुरा, आळीपाळीनं घाव घालून डोकं बसवायचे. रिव्हेट निवताना आखडतो आणि दोन्ही प्लेटा एकमेकींवर आवळून धरतो. सगळा जोर त्या आखडण्यात आहे. नंतर तपासणारा हातोडीनं प्रत्येक डोकं वाजवून बघायचा: बसलेला रिव्हेट खणखणीत वाजतो, ढिला बद्द वाजतो. पाणी शिरू नये म्हणून प्लेटांच्या कडाही छिन्नीसारख्या हत्यारानं ठोकून बसवत.

बोटीच्या मधल्या भागात हे काम हायड्रॉलिक यंत्रानं झालं. पुढच्या आणि मागच्या टोकाला, जिथं अंग वळतं, तिथं यंत्र पोचत नव्हतं. तिथं हातानं ठोकले, आणि ते रिव्हेट पोलादाचे नव्हते, घडीव लोखंडाचे होते. समुद्रतळावरून वर आणलेले काही रिव्हेट संशोधकांनी कापून पाहिले तेव्हा त्यांत स्लॅग, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा काचेसारखा मळ, बेसुमार सापडला. त्यानं रिव्हेट कच्चा राहतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांनी फौंड्रीत दिवस काढलेत त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. हिमनग घासला तो पुढच्या टोकालाच. मग हुबेहूब बांधणाऱ्यानं तसलेच स्लॅगवाले रिव्हेट घालायचे का? आणि झेलायच्या कामाला पंधरा वर्षांची पोरं लावायची का? सॅम्युअल स्कॉट नावाचा असाच झेलणारा पोरगा एप्रिल १९१० मध्ये बांधकामावरून पडून गेला. वय पंधरा. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०११ मध्ये.

आता समुद्रात न्यायची म्हटलं तर पुढची अडचण. टायटॅनिकवर २० जीवनौका होत्या, त्यांत जागा १,१७८ माणसांची. बोटीवर माणसं होती सुमारे २,२००. हे तेव्हाच्या ब्रिटिश नियमात बसत होतं, कारण नियम टनावर होता, माणसांवर नव्हता: दहा हजार टनांच्या वरच्या जहाजाला १६ नौका पुरे, आणि टायटॅनिक तर ४६ हजार टनांची. ती बुडाल्यावर जानेवारी १९१४ मध्ये लंडनला देशोदेशींचा पहिला सुरक्षा करार झाला. आम्ही जहाजावरची माणसं ज्याला ‘सोलास’ म्हणतो त्याचं मूळ ते. आज त्यानुसार प्रत्येक माणसाला नौकेत किंवा तराफ्यात जागा हवी आणि मोठ्या नौका पाण्यापासून फार उंचावर टांगून चालत नाहीत. टायटॅनिकवर त्या सगळ्यात वरच्या डेकवर होत्या. पाणी अडवायला बोटीच्या रुंदीत घातलेल्या भिंती तेव्हा पुरेशा उंच नेलेल्या नव्हत्या, म्हणून एक कप्पा भरला की पाणी वरून पुढच्या कप्प्यात सांडत गेलं. आज तो आराखडा मंजूरच होणार नाही. ओकच्या लाकडाचा तो प्रसिद्ध जिना आणि दालनांच्या लाकडी भिंतीही आगीच्या नियमांपुढं टिकणार नाहीत. न जळणाऱ्या पाट्यांवर लाकडाचा पातळ पापुद्रा, एवढीच मुभा.

आणि इंजिनरूम, जिथं माझं आयुष्य गेलं. टायटॅनिकला २९ बॉयलर आणि त्यांना १५९ भट्ट्या होत्या. दिवसाला सहाशे टनांच्या आसपास कोळसा लागायचा आणि तो सगळा फावड्यानं मारायचा. ब्रिटिश बोटींवर आपल्याकडची जी माणसं हे काम करत त्यांना आगवाले म्हणत. मी नोकरीला लागलो तेव्हा डिझेल आलेलं होतं, तरी उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातून जाताना आमच्या इंजिनरूममध्ये रेलिंगला हात लावता येत नसे. कोळशाच्या भट्टीसमोर चार तासांची पाळी करणाऱ्यांबद्दल मला कायम आदर वाटत आला आहे. आज प्रवासी जहाजावर असं काम कुणी करायला लावणार नाही, तेवढा धूर आणि तेवढी राख समुद्रात कुणी सोडू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

म्हणून ‘टायटॅनिक टू’च्या जाहीर झालेल्या आराखड्यात अंग वेल्डिंगचं, इंजिनं डिझेल-इलेक्ट्रिक, रुंदी सुमारे चार मीटर जास्त आणि नौकांसाठी एक आख्खा डेक वाढवलेला. ती सुरक्षित असेल, देखणीही असेल. पण तिच्यातून फिरून आलेल्या माणसाला टायटॅनिक कशी बांधली होती ते कळणार नाही. दिवाळीत दगड-मातीनं प्रतापगड उभा करणाऱ्या पोराला बुरूज का टिकतो ते समजतं, बाजारातून तयार किल्ला आणून मांडणाऱ्याला नाही. तसंच हे.

माझं स्पष्ट मत: आख्खी बोट बांधूच नये. जमिनीवर, गोदीच्या कडेला, वीस-पंचवीस मीटरचा एक तुकडा बांधावा. कण्यापासून वरच्या डेकपर्यंत, खऱ्या जाडीच्या प्लेटा, तापवून ठोकलेले रिव्हेट, आत एक बॉयलर आणि त्याच्या भट्ट्या. तो बांधताना शंभर तरुण ती विद्या शिकतील. नकाशांबरोबर खरे नमुनेही शाबूत आहेत. टायटॅनिकची बहीण ऑलिंपिक १९३५ पर्यंत चालली आणि मोडीत काढताना तिच्या दालनांचं लाकूडकाम विकलं गेलं. त्यातलं काही इंग्लंडमध्ये ॲल्निकच्या व्हाइट स्वान हॉटेलात आजही भिंतींवर आहे. टायटॅनिकपर्यंत प्रवासी पोचवणारी छोटी बोट ‘नोमॅडिक’ त्याच गोदीत १९११ मध्ये बांधलेली, ती बेलफास्टला जपून ठेवली आहे. रिव्हेट बघायचे तर ते तिच्यावर बघावेत.

पद्धतीशी इमान राखून जहाज बांधता येतं याचा दाखला आपल्या जवळच आहे. नौदलाचं ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं शिडाचं जहाज २१ मे २०२५ ला कारवारला दाखल झालं. बांधलं गोव्यात. मूळ नकाशा कुठलाच नव्हता, आधार होता तो अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्राचा. पण फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या, सांधे नैसर्गिक राळेनं भरले, आणि केरळच्या कारागिरांनी हातात उरलेली विद्या पणाला लावली. आयआयटी मद्रासनं नमुना पाण्यात तपासून दिला. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते पोरबंदरहून मस्कतला निघालं आणि पोचलंही. त्यावर तिकीट काढलेले प्रवासी नसतात, त्यामुळे नियमांचं ओझं कमी, हे खरं. पण नकाशा नसताना ते जमलं आणि टायटॅनिकचे ढीगभर नकाशे असून जमत नाही, यावर तुझ्या वर्गात चर्चा घडवून आण.

प्रश्न : जिच्यावर दीड हजार माणसं गेली, त्या बोटीची नक्कल करून तिथं जेवणावळी आणि नाचगाणी करायची, हे मनाला पटत नाही. तुमचं काय मत?
(निवृत्त शिक्षिका, निपाणी)

उत्तर : बाई, तुमचं दुखणं मला समजतं. तिसऱ्या वर्गातल्या चार माणसांमागं जवळजवळ तीन गेली, पहिल्या वर्गातले निम्म्याहून जास्त वाचले. नक्कल करणारे बहुतेक वेळा पहिल्या वर्गाचा जिना आधी दाखवतात. मला विचाराल तर आधी भट्ट्या दाखवाव्यात आणि तिसऱ्या वर्गाच्या खोल्या.

त्या बोटीवरचा एकही इंजिनिअर वाचला नाही. मुख्य इंजिनिअर जोसेफ बेल आणि त्यांची माणसं खाली राहिली, पंप आणि डायनॅमो चालू ठेवत राहिली. बोट पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी गेली आणि दिवे त्याच्या अगदी थोडा वेळ आधीपर्यंत जळत होते. त्या उजेडात लोक नौकांत चढले. साउथॅम्प्टनला या इंजिनिअरांचं स्मारक आहे, १९१४ मधलं. आमचं जहाज तिथं लागलं की मी जाऊन यायचो. खाली काम करताना भीती वाटली की मला ती माणसं आठवायची, आणि हात चालू राहायचे. प्रतिकृतीत त्यांची जागा नीट दाखवली, तर ती बांधण्यात मला काही वावगं वाटत नाही. जेवणावळीसाठी दुसरी पुष्कळ जहाजं आहेत.

प्रश्न : नमस्कार काका. आमच्या मंडळानं यंदा गणपतीला वीस फुटी मांडवात टायटॅनिकचा देखावा करायचं ठरवलंय. पोरांनी फोटो काढलेत, पण प्रत्येकात काहीतरी वेगळंच दिसतंय. काय चुकू नये ते सांगा.
(एक कार्यकर्ता, शहापूर, बेळगाव)

उत्तर : फोटो वेगळे दिसतात कारण त्यातले निम्मे ऑलिंपिकचे असतील. ओळख सांगतो. वरून दुसऱ्या डेकची फिरायची गॅलरी बघा: टायटॅनिकवर तिचा पुढचा अर्धा भाग खिडक्यांनी बंद केलेला आहे, ऑलिंपिकवर ती सगळी उघडी आहे. उघडी दिसली की तो फोटो बाजूला ठेवा.

प्रमाण पन्नासास एक घ्या. लांबी ५ मीटर ३८ सेंटिमीटर येते, म्हणजे साडेसतरा फुटांच्या थोडी वर, आणि मांडवात फिरायला जागा उरते. रुंदी ५६ सेंटिमीटर. तळापासून धुराड्याच्या टोकापर्यंत एक मीटरहून थोडी जास्त उंची. पाण्यात दाखवणार असाल तर खालचे २१ सेंटिमीटर पाण्याखाली जातात, तेव्हा लाल रंगाचा जाड पट्टा वर दाखवू नका.

धुराडी गोल करू नका, ती लंबगोल आहेत आणि चारही मागं सारखीच झुकलेली. डोलकाठ्याही तशाच झुकलेल्या. रंग पिवळसर, टोकाला काळा. धूर सोडायची हौस पोरांना असणारच, पण बॉयलरचा धूर पुढच्या तिघांतूनच यायचा. चौथं मुख्यतः हवा खेळती ठेवायला होतं.

आतून प्लायवूडच्या फासळ्या उभ्या करा आणि वरून पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या कडेला एकमेकींवर थोड्या चढवत चिकटवा. खऱ्या प्लेटाही अशाच चढवलेल्या होत्या, शिवाय अंगाला तो उठाव आपोआप येईल. रिव्हेट रंगवत बसू नका, या प्रमाणात ते दिसणारच नाहीत. पुढचं आणि मागचं टोक फसव्या वळणाचं आहे. उद्यमबागेत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे मिस्त्री आहेत, त्यांना नकाशा दाखवून ती दोन टोकं करून घ्या. वळणावर त्यांच्याइतका हात बसलेली माणसं आपल्या गावात दुसरी नाहीत.

जीवनौका मोजून वीस लावा: टांगलेल्या १६ आणि कापडी कडांच्या घडीच्या चार. मोठी नौका या प्रमाणात १८ सेंटिमीटरची होते. शेजारी फलक ठेवा, जागा किती आणि माणसं किती एवढे दोनच आकडे, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण देखावे बघायला सगळेच येतात.

दिवे एलईडीच घ्या. आत पुठ्ठा, प्लायवूड आणि रंग आहे, तेव्हा जोडणी लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या, बोटीच्या पोटात कुठलीही जोडलेली वायर उघडी सोडू नका, मेन स्विच मांडवाच्या बाहेर हाताशी ठेवा आणि आग विझवायचे दोन सिलिंडर दोन बाजूंना. रात्री पहाऱ्याला जी पोरं थांबतील त्यांना ते सिलिंडर कसे चालवायचे ते आदल्या दिवशीच दाखवा.