मोरी लांबवली म्हणजे अंडरपास होत नाही

तुम्ही विचारलंय, जंगलातला दुपदरी रस्ता चौपदरी होताना नाल्यावरच्या जुन्याच मोऱ्या लांबवून आराखड्यात त्यांना 'प्राण्यांसाठी अंडरपास' म्हटलंय, तर चालेल का? हरणासाठी, गव्यासाठी, वाघासाठी नाही चालणार.

वाट प्राण्याला किती मोकळी वाटेल याचा हिशेब सोपा आहे. रुंदी गुणिले उंची, भागिले रस्त्याखालची लांबी; आकडा जितका मोठा, तितकी वाट मोकळी. ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच, २५ मीटर लांब मोरीचा आकडा अर्ध्याच्याही खाली येतो. ५० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच पुलाचा तेवढ्याच लांबीला १०. पलीकडचं जंगल दिसलं नाही तर चितळ तोंडाशीच थबकतं. म्हणूनच राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या टप्प्यात प्राण्यांसाठी ९ बांधकामं केली, ५० ते ७५० मीटर रुंदीची. मार्च ते डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) १८ जातींचे वन्यप्राणी आले. ११ वाघ ८९ वेळा टिपले गेले.

अंडरपासची जागा नुसत्या नकाशावरून ठरवू नका. निदान वर्षभर, सगळ्या ऋतूंत, दोन्ही कडांनी पाऊलखुणा नोंदवा. नुसते मेलेले प्राणी मोजले तर फसगत होते: जिथे प्राण्यांनी रस्त्याकडे यायचंच सोडलंय, तिथे मेलेलं काही सापडतच नाही.

नाल्याखालून वाट काढणार असाल तर पुराच्या पातळीपेक्षा उंच, एका बाजूला कोरडी, मातीची पट्टी ठेवा. तळाला दगडी पिचिंग (दगडांची फरसबंदी) नको, खूरवाले प्राणी त्यावर पाय टाकायला बिचकतात. मोरीच्या खालच्या तोंडाशी पाण्याने माती धुऊन पायरी पडते, मग कासव-बेडूक वर चढू शकत नाहीत. तिथे दरवर्षी भर घालावीच लागते. रस्त्याकडेचं कुंपण थेट पुलाच्या भिंतीला जोडून घ्या. ते मधेच संपवलं तर प्राणी टोकाला वळसा घालून रस्त्यावर येतात आणि आत कोंडले जातात. आतून बाहेर उडी मारता येईल असे मातीचे उतार अधूनमधून हवेतच.

पुनर्रोपणाबाबत मला सर्वात जास्त खटकतं ते घाईचं काम. वरची १५ सेंटीमीटर माती आधीच काढून बुटक्या ढिगात ठेवा आणि पावसाळ्यापूर्वी पसरा. ठेकेदाराच्या तात्पुरत्या रस्त्याचा दाबलेला मुरूम ३० सेंटीमीटरपर्यंत उकरल्याशिवाय तिथे काही रुजत नाही, रानमोडी आणि घाणेरी ही तणं सोडून. ऐन, धावडा, पळस लावा, पण अंडरपासच्या तोंडापासून मागे जंगलाकडे. रस्त्याच्या कडेला फळझाडं आणि हिरवंगार गवत नको. माकडं आणि चितळं त्यासाठीच गाड्यांसमोर येतात.

आणि अंडरपासमधून गावाची गाडीवाट काढायचा ठराव आला तर लगेच लेखी हरकत घ्या. गावासाठी वेगळी मोरी मागा.